मंत्रचळ आणि त्यावरील उतारा : अनिवार्य विचार-कृती विकृतीच्या उपचारांचा ऐतिहासिक मागोवा

गोषवारा

अनिवार्य विचार-कृती विकृती, म्हणजेच वैद्यकाच्या भाषेतील ओसीडी, ही मानसिक व्याधी आधुनिक जीवनातील ताणतणावांतून निर्माण झाली, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत निबंधात या व्याधीचा व तिच्यावर शोधल्या गेलेल्या उपायांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. सोळाव्या शतकातील युरोपीय धर्मजीवन, प्राचीन भारतीय ग्रंथांतील शौचविचार व चित्तविचार, एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच-जर्मन मनोवैद्यक आणि १९६६ नंतरची वर्तनोपचारपद्धती अशा चार टप्प्यांतून हा मागोवा घेतला आहे. शंकेचे समाधान करून ही व्याधी शमत नाही, शंका अनुत्तरित ठेवण्याची सवय लागल्यानेच ती शमते, हे तत्त्व निरनिराळ्या काळी निरनिराळ्या भाषांत सापडत गेले, असे प्रतिपादन येथे केले आहे. या तत्त्वाचा मराठी कुटुंबजीवनाशी असलेला संबंधही शेवटी तपासला आहे.

बीजशब्द : मंत्रचळ, अनिवार्य कृती, शंका, सोवळे-ओवळे, वर्तनोपचार, कुटुंब

१. प्रस्तावना

मराठी भाषेत ‘मंत्रचळ’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. ‘मंत्र’ आणि ‘चळ’ या दोन घटकांतून तो सिद्ध झाला. एकच मंत्र पुनःपुन्हा घोकता घोकता मनाला लागलेला चळ, असा त्याचा आशय या घटकांवरूनच लक्षात येतो. सामान्य व्यवहारात एकच गोष्ट वारंवार करणाऱ्या माणसाला उद्देशून, बऱ्याचदा थट्टेने, हा शब्द योजला जातो. मराठीत मानसिक आरोग्याविषयी लेखन करणाऱ्यांनी ओसीडीसाठी याच शब्दाचा स्वीकार केलेला दिसतो. तो समर्पकही आहे, कारण व्याधीची दोन्ही अंगे त्यात सामावली आहेत. मनात नको असताना घुसणारा विचार हे पहिले अंग, आणि त्या विचाराने निर्माण केलेली अस्वस्थता शमविण्यासाठी करावी लागणारी आवर्तनाची कृती हे दुसरे.

या व्याधीने ग्रस्त असलेली व्यक्ती कुलूप लावून निघते, दहा पावलांवरून परत येते, कुलूप ओढून पाहते आणि पुन्हा निघते. गॅसची शेगडी बंद केल्याचे तिने डोळ्यांनी पाहिलेले असते, तरी त्या पाहण्यावर तिचा विश्वास बसत नाही. कोणी हात लाल होऊन सालपटे निघेपर्यंत धुतो. कोणाच्या मनात देवासमोर हात जोडतानाच अभद्र शब्द उमटतात. एखाद्या नवप्रसूत मातेच्या मनात आपल्याच हातून बाळाला इजा होईल असा विचार येतो आणि ती स्वयंपाकघरातील सुऱ्या लपवून ठेवते. हे सारे निरर्थक आहे, हे त्या व्यक्तीला बहुधा पुरते ठाऊक असते. या दुःखाचा गाभा नेमका येथेच आहे. भ्रमिष्ट मनुष्य आपल्या भ्रमाशी एकरूप झालेला असतो. मंत्रचळाने ग्रासलेला मनुष्य मात्र स्वतःच्या वर्तनाचा साक्षीही असतो आणि कैदीही असतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही व्याधी अत्यंत विरळ मानली जाई. १९८० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या व्यापक पाहणीत आयुष्यात केव्हातरी ती होण्याचे प्रमाण २ ते ३ टक्क्यांच्या दरम्यान आढळले आणि तो समज मोडला. भारतात २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ०.८ टक्के नोंदले गेले. टक्केवारी अल्प भासली, तरी देशाच्या लोकसंख्येचा विचार करता ही संख्या लक्षावधींच्या घरात जाते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. परिणामकारक औषधे आणि शास्त्रशुद्ध मानसोपचार गेल्या साठ वर्षांतील आहेत. त्यापूर्वी या व्याधीसह जगणाऱ्यांनी काय केले? त्यांना उतारा सापडला असेल, तर तो कोणता? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न पुढील विवेचनात केला आहे. भूतकाळातील व्यक्तींना आजची रोगनामे चिकटविण्यात धोका असतो, याची जाणीव ठेवूनच हे विवेचन वाचावे. येथे त्या व्यक्तींचे निदान करावयाचे नाही. त्यांनी लिहून ठेवलेला अनुभव आणि शोधलेली वाट एवढेच येथे अभिप्रेत आहे.

२. पादत्राणातील खडा : युरोपीय धर्मजीवनातील साक्ष

पश्चिम युरोपातील ख्रिस्ती परंपरेत या अवस्थेला लॅटिन ‘स्क्रुपुलुस’ या शब्दावरून नाव मिळाले. त्याचा मूळ अर्थ लहान, टोकदार खडा. पादत्राणात शिरलेला खडा दिसत नाही, परंतु प्रत्येक पावलाला बोचतो. पापाच्या अतिरेकी शंकेला हे नाव देणाऱ्यांनी व्याधीचे मर्म अचूक ओळखले होते, असे म्हणावे लागेल.

या संदर्भातील सर्वांत बोलकी साक्ष येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची आहे. सैनिकी जीवनाचा त्याग केल्यानंतर १५२२-२३ मध्ये तो स्पेनमधील मानरेसा या गावी राहत होता. तेथे त्याने गतायुष्यातील पापांचा सविस्तर कबुलीजबाब दिला, परंतु काहीतरी सांगावयाचे राहिले ही शंका त्याला सोडीना. तो पुनःपुन्हा कबुलीजबाब देत राहिला. प्रत्येक वेळी क्षणभर हलके वाटे आणि शंका पुन्हा डोके वर काढी. आत्मघाताचे विचार मनात येण्यापर्यंत ही अवस्था गेली. त्याच्या आत्मकथनातील एक तपशील येथे विशेष महत्त्वाचा आहे. जे पाप अगदी स्पष्ट असेल तेवढेच सांग, जुने पुन्हा उगाळू नकोस, अशी आज्ञा त्याच्या धर्मगुरूने केली. या आज्ञेचा काही उपयोग झाला नाही, कारण इग्नेशियसला सारेच अगदी स्पष्ट वाटत होते. शंकेला अपवादाची एक फट ठेवली की ती त्या फटीतून संपूर्ण आत येते, हा अनुभव आजचा कोणताही रुग्ण ओळखील. अखेरीस गतकाळातील कोणतेही पाप पुन्हा कबूल करावयाचे नाही, असा निश्चय त्याने केला आणि त्यानंतर तो या यातनेतून मुक्त झाला.

पुढे त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात अशा शंकांविषयी स्वतंत्र टिपणे आहेत. गवताच्या दोन काड्या योगायोगाने क्रुसाच्या आकारात पडल्या असता त्यांवर पाय पडला म्हणून पाप मानणे ही चुकीची समजूत होय, असे उदाहरण तो देतो. अतिसंवेदनशील मनाने आपला कल ज्या दिशेला असेल त्याच्या विरुद्ध दिशेने वागावे, हा त्याचा उपदेश आहे. स्वतःच्या यातनेतून निघालेला हा निष्कर्ष साडेचारशे वर्षांनंतर रुग्णालयातील उपचारपद्धतीच्या रूपाने पुन्हा अवतरला.

दुसरी साक्ष इंग्रज धर्मोपदेशक जॉन बन्यन याची. १६६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात त्याने चर्चची घंटा वाजविण्याच्या छंदाविषयी लिहिले आहे. हा छंद अनुचित वाटल्याने तो सोडून बन्यन नुसता पाहावयास जाऊ लागला. मग घंटा अंगावर पडेल अशी भीती वाटली, म्हणून तो तुळईखाली उभा राहू लागला. पुढे घंटा भिंतीवर आपटून उसळेल असे वाटले, म्हणून तो दाराशी उभा राहिला. शेवटी मनोराच कोसळेल या भयाने त्याला तेथे उभे राहणेही अशक्य झाले. खबरदारीच्या प्रत्येक पायरीने भय उतरण्याऐवजी वाढत गेले. सुरक्षिततेसाठी केलेली कृतीच भयाला खतपाणी घालते, हा सिद्धांत याहून स्पष्ट शब्दांत मांडणे कठीण आहे.

तिसरी साक्ष उपदेशकाच्या बाजूची आहे. नॉर्विचचे बिशप जॉन मूर यांनी १६९१ मध्ये राणी दुसरी मेरी हिच्यासमोर ‘धार्मिक विषण्णता’ या विषयावर प्रवचन दिले. उपासनेच्या वेळीच ज्यांच्या मनात अभद्र विचार येतात, अशी माणसे बहुधा सद्वर्तनीच असतात, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले. विचारांशी जितके झगडावे तितके ते वाढतात, म्हणून त्यांच्याशी झुंज घेऊ नये आणि नित्याची कर्तव्येही सोडू नयेत, हा त्यांचा सल्ला होता. मूर वैद्य नव्हते, तथापि त्यांचे निरीक्षण पुढे प्रयोगाने खरे ठरले. विशिष्ट विचार मनात आणू नका असे सांगितले असता तोच विचार अधिक जोमाने परततो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले.

या तिन्ही साक्षींना एक मर्यादा आहे. धर्मगुरूची आज्ञा काहींना तारक ठरली, तर काहींच्या बाबतीत धर्मगुरूकडून वारंवार निर्वाळा मागणे हाच नवा मंत्रचळ झाला. उपदेश कोणी केला यापेक्षा त्याने शंकेला उत्तर दिले की शंकेसह राहावयास शिकविले, यावर परिणाम अवलंबून होता.

३. भारतीय ग्रंथांतील दोन सूत्रे

युरोपप्रमाणे भारतातही शौच आणि चित्तशुद्धी यांविषयी विपुल चिंतन झाले. त्यातील दोन सूत्रे प्रस्तुत विषयाशी निगडित आहेत.

पहिले सूत्र पाली मज्झिमनिकायातील ‘वितक्कसण्ठान’ या विसाव्या सुत्तात आढळते. नको असलेल्या विचारांना शांत करण्याचे पाच क्रमवार उपाय त्यात सांगितले आहेत. विचाराच्या जागी दुसरा हितकर विचार आणणे, त्यातील दोष पाहणे, त्याकडे लक्ष न देणे, त्याच्या घडणीला हळूहळू शांत करणे आणि हे सारे निष्फळ ठरल्यास दात आवळून मनाने मनाला दाबणे, असा तो क्रम आहे. लंडनमध्ये कार्य केलेले श्रीलंकेचे मानसशास्त्रज्ञ पद्मल डी सिल्वा यांनी १९८५ मध्ये या उपायांची आधुनिक वर्तनोपचारांशी तुलना करणारा निबंध प्रसिद्ध केला. बलपूर्वक दडपण्याचा मार्ग सुत्ताने सर्वांत शेवटी ठेवला आहे, ही बाब लक्षणीय आहे.

दुसरे सूत्र धर्मशास्त्रातील आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तीन प्रकारच्या गोष्टी शुद्ध मानाव्यात असे सांगितले आहे. जिचा दोष प्रत्यक्ष पाहिलेला नाही ती, जी पाण्याने धुतली आहे ती आणि जी वाणीने शुद्ध ठरविली आहे ती. याज्ञवल्क्य स्मृतीतही याच आशयाचे वचन आहे. दोष ‘असू शकेल’ ही शंका म्हणजे दोष नव्हे, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो. हात किती वेळा मातीने घासावेत, याची संख्याही स्मृतिकार निश्चित करून देतात. संख्या निश्चित करणे म्हणजे कृतीला अंत देणे होय.

अर्थात, याच स्मृतींच्या शुद्धी-अशुद्धीच्या कल्पनेने कोट्यवधी माणसांना अस्पृश्य ठरविले आणि १९२७ मध्ये महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे विसरून या ग्रंथांचा गौरव करता येणार नाही. येथे मुद्दा मर्यादित आहे. सामाजिक आचार कितीही जाचक असला, तरी पाळणाऱ्यासाठी त्याला शेवट असतो. स्नान केले की सोवळे सिद्ध होते. मंत्रचळ झालेल्या व्यक्तीसाठी मात्र स्नान कधीच ‘झालेले’ नसते. आचार आणि व्याधी यांतील सीमारेषा कृतीच्या स्वरूपात शोधून सापडत नाही. ती कृतीला असलेल्या किंवा नसलेल्या शेवटात सापडते.

४. वैद्यकाचा प्रवेश : नाव मिळाले, उतारा हरवला

एकोणिसाव्या शतकात ही अवस्था धर्मगुरूच्या कक्षेतून वैद्याच्या कक्षेत आली. फ्रेंच मनोवैद्य एस्किरोल यांनी १८३८ च्या आपल्या ग्रंथात ३४ वर्षांच्या एका स्त्रीचे तपशीलवार वर्णन केले. आत्याच्या घरून निघताना तिची एखादी वस्तू आपल्या खिशातून तर आली नाही ना, या शंकेने तिच्या व्याधीचा आरंभ झाला होता. पुढे पैसे हाताळताना मौल्यवान काही बोटांना चिकटून राहील या भयाने ती हात चोळू व झटकू लागली. ती बुद्धीने पूर्णपणे शाबूत होती आणि आपल्या वागण्यातील हास्यास्पदता तिला कळत होती, हे एस्किरोल यांनी आवर्जून नोंदविले.

१८७५ मध्ये लग्रां द्यु सोल यांनी ‘शंकेचे वेड’ आणि स्पर्शभय यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १८७७ मध्ये जर्मन वैद्य वेस्टफाल यांनी बुद्धी शाबूत असताना इच्छेविरुद्ध मनात घुसणाऱ्या कल्पनांची व्याख्या केली. त्यांनी योजलेल्या जर्मन संज्ञेचे इंग्लंडमध्ये ‘ऑब्सेशन’ आणि अमेरिकेत ‘कम्पल्शन’ असे भाषांतर झाले, आणि दोहोंच्या तडजोडीतून आजचे जोडनाव निघाले असे मानले जाते. १९०३ मध्ये प्येर जाने यांनी अशा रुग्णांना सतत जाणवणारी ‘अपुरेपणाची भावना’ वर्णिली. कृती पूर्ण झाली तरी पूर्ण झाल्याचा प्रत्यय येत नाही, हे त्यांचे निरीक्षण आजही मार्गदर्शक आहे.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०७ मध्ये अनिवार्य कृती आणि धर्मविधी यांतील साम्यावर निबंध लिहिला. १९०९ मध्ये त्यांनी एका तरुण रुग्णाची प्रदीर्घ चिकित्सा प्रसिद्ध केली. व्याधीचे मूळ बाल्यातील दडपलेल्या प्रेरणांत शोधणे ही त्यांची दिशा होती. तथापि १९१८ मध्ये बुडापेस्ट येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी स्वतःच एक कबुली दिली. भयगंडाच्या रुग्णाला भयाच्या प्रसंगात प्रत्यक्ष जावयास प्रवृत्त करावे लागते आणि अनिवार्य कृतींच्या तीव्र विकारात तर नुसती वाट पाहत बसणे अधिकच निष्फळ ठरते, असे त्यांनी सांगितले. हा धागा पुढे मनोविश्लेषकांनी फारसा पकडला नाही.

भारतात या विचाराचा एक विपर्यस्त पडसाद उमटला. रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी १९२१ मध्ये हिंदूंच्या धर्म, तत्त्वज्ञान व स्वभावावर मनोविश्लेषणाच्या अंगाने एक निबंध लिहिला. त्यात एका संपूर्ण समाजाच्या शौचाचारालाच विकृतीच्या चौकटीत बसविले होते. समाजाला रोगी ठरविण्याच्या या वृत्तीने खऱ्या रोग्याचे दोन प्रकारे नुकसान झाले. स्वाभिमानी वाचकाला हे सारे शास्त्रच परके वाटले, आणि घरात प्रत्यक्ष यातना भोगणारी व्यक्ती ‘फार सोवळी’ या कौतुकाआड दडून राहिली.

एकंदरीत पाहता, एस्किरोल ते फ्रॉइड या काळात व्याधीला नाव, वर्णन आणि कारणमीमांसा लाभली. परंतु ‘विचाराशी झगडू नको, कृती करू नको’ हे जे व्यावहारिक ज्ञान मानरेसा आणि नॉर्विच येथे उपलब्ध होते, ते मागे पडले. ‘का’ या प्रश्नाने ‘कसे’ या प्रश्नाला झाकोळले. १९३५ नंतर मेंदूवरील शस्त्रक्रियांचा मार्गही चोखाळला गेला, हे त्या काळातील हतबलतेचे द्योतक आहे.

५. १९६६ : जुन्या तत्त्वाचा पुनःशोध

लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवरील उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मायर यांची योजना साधी होती. रुग्णाला ज्या गोष्टीची धास्ती वाटते तिच्या सान्निध्यात त्याला न्यावयाचे आणि नंतरची नेहमीची कृती करू द्यावयाची नाही. धुण्याची अनिवार्यता असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर खोलीतील पाण्यावरही नियंत्रण ठेवले गेले. रुग्णासमवेत सतत परिचारिका असे. बळजबरी करणे हे तिचे काम नव्हते. कृती करण्याची ओढ अनावर होई त्या वेळी रुग्णाला बोलण्यात, कामात गुंतवून धीर देणे हे तिचे काम होते. कृती केली नाही तर अनर्थ होईल ही रुग्णाची अपेक्षा प्रत्यक्ष अनुभवाने खोटी ठरते, असा मायर यांचा सिद्धांत होता. १९७४ पर्यंत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ रुग्णांवरील अनुभव मांडला आणि त्यांतील बहुसंख्यांना लक्षणीय आराम पडला होता.

याच सुमारास लंडनच्याच मॉडस्ली रुग्णालयात रॅकमन, हॉजसन आणि मार्क्स यांनी या पद्धतीला शिस्तबद्ध रूप दिले. आज ती ‘सामोरे जाणे व प्रतिक्रिया रोखणे’ या आशयाच्या नावाने ओळखली जाते. भयाच्या प्रसंगांची चढत्या क्रमाने यादी करावयाची, सर्वांत सौम्य प्रसंगापासून आरंभ करावयाचा, अस्वस्थता वाढू द्यावयाची, तिला शमविणारी कृती टाळावयाची आणि ती आपोआप कशी ओसरते हे अनुभवावयाचे, असे तिचे स्थूल स्वरूप आहे.

१९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा यांनी आणखी एक मूलगामी बाब दाखविली. कोणताही मानसिक विकार नसलेल्या १२४ व्यक्तींना त्यांनी प्रश्न विचारले असता सुमारे ८० टक्के व्यक्तींच्या मनात नकोसे, विचित्र वा हिंसक विचार अधूनमधून येत असल्याचे आढळले. त्यांच्या मनात तो विचार येतो आणि जातो. रुग्ण मात्र त्याला स्वतःच्या चारित्र्याचा पुरावा मानतो आणि त्याचे निराकरण करू पाहतो. स्वतःला पापी समजणाऱ्या असंख्य सज्जनांच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल औषधाइतकेच आहे.

औषधांचा इतिहासही समांतर आहे. १९६७ मध्ये स्पेनमधील फर्नांडेझ-कोर्डोबा आणि लोपेझ-इबोर या वैद्यांनी क्लोमिप्रमीन या औषधाचा या व्याधीवरील उपयोग नोंदविला. अमेरिकेत त्याला १९८९ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर सेरोटोनिन या मेंदूतील रसायनावर कार्य करणारी, तुलनेने सुसह्य अशी औषधे उपलब्ध झाली. नैराश्यापेक्षा या व्याधीत त्यांची मात्रा बहुधा अधिक लागते आणि परिणाम दिसण्यास आठ ते बारा आठवडे जाऊ शकतात. हे ठाऊक नसल्याने अनेक जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच औषध सोडून देतात. मात्रेचा व कालावधीचा निर्णय अर्थातच मनोविकारतज्ज्ञाने घ्यावयाचा असतो.

औषध आणि वर्तनोपचार हे परस्परांचे वैरी नाहीत, हे १९९२ मध्ये लुइस बॅक्स्टर व सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांद्वारे दाखविले. औषधाने बरे झालेल्या आणि केवळ वर्तनोपचाराने बरे झालेल्या अशा दोन्ही गटांतील रुग्णांच्या मेंदूतील एकाच भागाच्या क्रियाशीलतेत बदल आढळला. २००५ मध्ये एडना फोआ व सहकाऱ्यांनी १२२ प्रौढ रुग्णांवर केलेल्या तौलनिक अभ्यासात वर्तनोपचाराने ६२ टक्के, क्लोमिप्रमीनने ४२ टक्के, दोहोंच्या संयोगाने ७० टक्के आणि निष्क्रिय गोळीने केवळ ८ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. इग्नेशियसच्या निश्चयाला अशा रीतीने संख्येचा आधार लाभला. मात्र कोणत्याही उपचाराने सर्वच रुग्ण बरे होत नाहीत, ही वस्तुस्थितीही हीच आकडेवारी सांगते.

६. मराठी घर आणि मंत्रचळ

भारतीय संदर्भात १९७५ हे वर्ष महत्त्वाचे आहे. चंदीगड येथील अख्तर, विग व सहकाऱ्यांनी ८२ रुग्णांच्या लक्षणांचे विश्लेषण ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांत शंका हे सर्वाधिक आढळणारे लक्षण होते. त्याच वर्षी अजिता चक्रवर्ती आणि बॅनर्जी यांनी बंगालमधील ‘शुचिबाई’ या अवस्थेचा अभ्यास मांडला. पावित्र्याच्या अतिरेकी ध्यासाला बंगाली समाजाने दिलेले हे नाव आपल्याकडील ‘सोवळ्याचा अतिरेक’ या कल्पनेच्या फार जवळचे आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी १९६० च्या दशकापासून पातंजल योगावर आधारित उपचारपद्धतीचे प्रयोग केले. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि मानसिक आरोग्याविषयी मराठीतून खुलेपणाने बोलण्याचा परिपाठ रुजण्यास साहाय्य झाले.

तथापि मराठी कुटुंबातील मंत्रचळाचा प्रश्न केवळ माहितीच्या अभावाचा नाही. तो बहुतांशी मायेचा प्रश्न आहे. सून बाहेरून आली की तिने उंबऱ्यातच पिशव्या ठेवाव्यात, मुलांनी थेट न्हाणीघरात जावे, नवऱ्याने रात्री तीन वेळा कडी पाहून ‘लागली आहे’ असे मोठ्याने सांगावे, अशी व्यवस्था घरात हळूहळू रुळते. ‘आईचा स्वभावच तसा’ असे म्हणून सारे घर त्या व्यवस्थेत सामील होते. हे कोणी दुष्टाव्याने करीत नाही. आईचा जीव घाबरा होऊ नये, घरात तंटा नको, एवढाच हेतू असतो. १९९५ मध्ये अमेरिकेतील कॅल्व्होकोरेसी व सहकाऱ्यांनी कुटुंबीयांच्या अशा सहभागाचा पद्धतशीर अभ्यास केला. हा सहभाग अत्यंत सार्वत्रिक असल्याचे त्यात आढळले, आणि पुढील संशोधनाने त्याचे व्याधीच्या तीव्रतेशी असलेले नाते स्पष्ट केले. नवऱ्याचे ‘लागली आहे’ हे उत्तर त्या रात्रीपुरता दिलासा देते आणि दुसऱ्या रात्री प्रश्न पुन्हा विचारण्याची सोय करून ठेवते.

याच्या उलट टोकाला थट्टा, धमकी किंवा अचानक नकार असतो. एके दिवशी चिडून नळ बंद करणे म्हणजे मायर यांची पद्धत नव्हे. मायर यांच्या रुग्णाने उपचाराला संमती दिलेली होती आणि परिचारिका तिच्या शेजारी होती. त्यामुळे कुटुंबाने रुग्णाशी आधी बोलून, शक्यतो उपचारकाच्या मार्गदर्शनाखाली, सहभाग एकेक पायरीने कमी करावा, हेच श्रेयस्कर. ‘कडी लागली का?’ या प्रश्नाला ‘तुमची घालमेल दिसते आहे, मी जवळ बसतो, पण उत्तर देणार नाही, आपले ठरले आहे’ असे ममतेने सांगणे हे खऱ्या अर्थाने परिचारिकेचे काम आहे. रुग्णाने स्वतःही कृती सर्वस्वी टाळणे जमत नसेल, तर ती आधी दहा मिनिटे लांबवावी, मग वीस. लांबविलेल्या त्या वेळात ओढ ओसरू शकते, हा शोध स्वतःच्या अनुभवाने लागावा लागतो. तो कोणी सांगून लागत नाही.

२०२० मधील कोविडच्या साथीने या प्रश्नाला नवे परिमाण दिले. हात धुणे हे सर्वांचेच कर्तव्य झाले आणि अनेक रुग्णांना आपले भय खरे ठरल्यासारखे वाटले. परंतु आरोग्ययंत्रणांनी सांगितलेल्या नियमाला २० सेकंदांची मर्यादा होती. स्मृतिकारांच्या संख्येप्रमाणेच त्या नियमालाही शेवट होता. व्याधी ओळखण्याची हीच कसोटी तेथेही लागू पडते.

संस्थात्मक पातळीवर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा अधिकार मानला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवाही सुरू झाली. मात्र वर्तनोपचारात प्रशिक्षित व्यक्ती मोठ्या शहरांबाहेर दुर्मीळ आहेत. म्हणूनच घरातील माणसांना या उपचाराचे तत्त्व कळणे अगत्याचे आहे.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात. पहिला, मंत्रचळ ही आधुनिकतेची निर्मिती नाही. त्याचा आशय त्या त्या काळाच्या चिंतेतून येतो. सोळाव्या शतकात तो पाप होता, एकोणिसाव्या शतकात परक्याची वस्तू होता, आज तो जंतू वा शेगडी आहे. रचना मात्र तीच राहते. दुसरा, या व्याधीवरील परिणामकारक उताऱ्याचे तत्त्व वैद्यकाआधी भोगणाऱ्यांनी शोधले. वैद्यकाने ते मध्यंतरी दृष्टिआड केले आणि १९६६ नंतर त्याला पद्धती व प्रमाण दिले. तिसरा, हा उतारा सहसा एकट्याने साधत नाही. त्यासाठी मायाळू आणि तरीही निर्वाळा न देणारे दुसरे माणूस लागते. धर्मगुरू, परिचारिका, उपचारक आणि घरचा माणूस यांच्या भूमिका भिन्न असल्या, तरी त्यांच्याकडून अपेक्षित काम एकच आहे.

आपल्या संस्कृतीत शंकासमाधान हे मोठे पुण्यकर्म मानले जाते, आणि ज्ञानाच्या क्षेत्रात ते योग्यही आहे. मंत्रचळाच्या बाबतीत मात्र शंकेचे समाधान करणारा रुग्णाचे बंधन घट्ट करतो. कुलूप लागले असेलही, नसेलही. हात स्वच्छ असतील, नसतीलही. एवढी अनिश्चितता पदरात घेऊनच प्रत्येक निरोगी मनुष्य घराबाहेर पडत असतो. रुग्णाला खात्री देणे कोणाच्याही हाती नाही. खात्रीवाचून चालता येते, हे त्याला शिकविणे मात्र शक्य आहे.